बॅरल कापायच्या आधी जळण बघा: घरगुती बायोचार भट्टीबद्दल

बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जांबोटी भागातून एका तरुण शेतकऱ्यानं विचारलंय, ते थोडक्यात असं. दोन एकर काजू आहे, एक एकर भात. परड्यात २०० लिटरचं जुनं बॅरल पडून आहे. काजूची छाटणी दरवर्षी निघते, बांधावर बांबू आहे, गिरणीत भाताचं तूस मिळतं आणि ओळखीच्या कारखान्यातून काजूची टरफलंही मिळतील. घरच्या घरी बायोचारची, म्हणजे हवेविना भाजून मातीत घालायच्या कोळशाची, भट्टी कशी करायची? बॅरलला खालून भोकं पाडायची की नाही? निम्म्या व्हिडिओंत पाडतात, निम्म्यांत नाही. शिवाय गेल्या साली चुलीतला कोळसा कुटून मिरचीला घातला तर रोपं पिवळी पडली, ते कशानं?

भोकांचं आधी सांगतो. दोन्ही व्हिडिओ बरोबर असतील, पण त्या दोन वेगळ्या भट्ट्या आहेत. एकीत हवा खालून येते आणि आग वरून खाली उतरत जाते. दुसरीत खालून हवेला वाटच नसते. वर पेटलेली ज्वाळ हवेतला ऑक्सिजन खाऊन टाकते आणि तिच्या खालचं जळण हवेविना भाजत राहतं. पहिलीला भोकं लागतात, दुसरीला एकही चालत नाही. घोळ होतो तो एकीचं बॅरल घेऊन दुसरीसारखं पेटवल्यानं. भोकाच्या बॅरलमध्ये तळाशी आग लावून वरून फाटी टाकत गेलात तर ती नुसती शेगडी झाली, संध्याकाळी हाती राख. आणि बिनभोकाचं बॅरल गच्च भरून वरून पेटवलंत तर वरचं वीतभर जळण जळतं, आग गुदमरते आणि खालचं सगळं नुसतं धुरकटून तसंच राहतं.

म्हणून मी कुणालाही भट्टीचं माप सांगायच्या आधी जळण विचारतो. जाड-वाकडं लाकूड, एकसारखे बारीक तुकडे आणि तूस या तिघांना तीन वेगळ्या भट्ट्या लागतात. तुमच्याकडं तिन्ही आहेत, म्हणून तिन्ही सांगतो. पण सुरुवात बॅरलनं करू नका. काजूच्या छाटणीला खड्डाच बरा.

कारण सरळ आहे. काजूची फांदी कधी सरळ नसते. बॅरलचं तोंड पावणेदोन-दोन फूट, त्यात बसवायची म्हणजे कोयत्यानं वीत-वीत तुकडे करत बसायचं. मजुरी त्यातच जाते. खड्ड्यात तीन फुटी फांदी आहे तशी पडते. आणि खड्ड्याला पैसे लागत नाहीत, तेव्हा हात बसेपर्यंत जे काही बिघडेल ते फुकटात बिघडेल.

खड्डा पातेल्यासारखा उभा नको, वर रुंद खाली अरुंद हवा. वरचं तोंड पाच फूट, तळ दोन फूट, खोली अडीच फूट. एवढ्यात साडेतीन बॅरलं माल मावतो. बाजू तिरप्या ठेवायचं कारण असं की जळण वर चढत जातं तशी ज्वाळही पसरत जाते आणि पूर्ण तोंड झाकून ठेवते. उभ्या भिंतीच्या खड्ड्यात कडेनं हवा खाली घुसते आणि कडेचा माल राख होतो. स्वित्झर्लंडच्या इथाका संस्थेचे हान्स-पीटर श्मिट आणि पॉल टेलर यांनी २०१४ च्या सुमारास ‘कॉन-टिकी’ नावाची शंकूच्या आकाराची पोलादी भट्टी केली, ती याच तत्त्वावर. पोलाद परवडत नसेल तर जमिनीतला शंकूही तेच काम करतो. तुमच्याकडच्या जांभ्याच्या मुरुमात खणताना पहारीला घाम फुटेल, पण एकदा खणलेला खड्डा वर्षानुवर्षं ढासळत नाही. चिकोडी-अथणीकडच्या काळ्या रानात मात्र भेगांतून हवा येते. तिथं आतून शेण-मातीचा जाड लेप द्यावा लागतो. उकरलेली माती लांब फेकू नका, बाजूलाच ठेवा. पाणी कमी पडलं तर तीच उपयोगी येते.

आता पेटवणं. इथं सगळी कला आहे, म्हणून जरा सावकाश सांगतो.

जळण वाळलेलं हवं, हे सगळेच सांगतात. किती वाळलेलं ते कुणी सांगत नाही. अंगठ्याएवढी फांदी गुडघ्यावर मोडली की कडकन दोन तुकडे व्हायला हवेत. वाकून साल सोलटली तर अजून महिनाभर थांबा. काजू मे अखेर संपतो, छाटणी त्यानंतर निघते आणि लगेच जूनचा पाऊस गाठतो. कणकुंबी-जांबोटीचा पाऊस म्हणजे उघड्यावरच्या लाकडाला बुरशीच. तेव्हा छाटलेलं सगळं मांडवाखाली, जमिनीपासून वितभर उंच रचून ठेवा आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत भट्टी लावा. त्या दिवसांत सकाळी दव असतं, म्हणून ऊन चढल्यावर नऊच्या सुमारास सुरू करा आणि दुपारचं वारं सुटायच्या आत संपवायच्या बेतानं जळण घ्या. मार्चनंतर आजूबाजूचं गवत वाळलेलं असतं; रानाला लागून शेत असेल तर त्या दिवसांत भट्टीच नको. भट्टीभोवती दहा-बारा फूट जमीन खरवडून मोकळी करा, ती कधीही लावा.

तळाशी बारीक काटक्यांची चौकट रचा, विहिरीच्या कठड्यासारखी, आणि ती वरून पेटवा. खालून पेटवली तर पहिली दहा मिनिटं नुसता धूर. वरून पेटवलेली चौकट आपसूक खाली जळत येते आणि धूर तिच्याच ज्वाळेत जळून जातो. निखारे झाले की तळभर पसरा आणि फाटींचा पहिला थर द्या, एकमेकांवर फार दाट नाही, फार विरळ नाही. मग उभं राहून बघायचं. आधी थराला पिवळी ज्वाळ लागते, लाकूड काळं पडतं, मग ज्वाळ जरा बसते आणि फाटीच्या पाठीवर पांढरट भुकटी दिसायला लागते, पिठाचा हात लागल्यासारखी. ती दिसली की पुढचा थर. त्याआधी टाकलात तर ज्वाळ दबते आणि धूर निघतो. सगळं पांढरं होईपर्यंत थांबलात तर तो थर राखेत गेला. गुऱ्हाळात चुलवाणापुढं बसलेला माणूस काहिलीकडं न बघता धुराड्याकडं बघून जाळ घालतो, तसंच इथं. तुमचा डोळा धुरावर पाहिजे. धूर दिसला म्हणजे जळायला हवा तो वायू तसाच निसटला, आणि शेजाऱ्याच्या घरात गेला ते वेगळंच. चांगल्या लागलेल्या खड्ड्यावर दहा फुटांवरून डोळे चुरचुरत नाहीत.

मनगटापेक्षा जाड लाकूड घालू नका. जाड असेल ते आधीच्या थरांत द्या म्हणजे त्याला भाजायला वेळ मिळतो, बारीक शेवटी. बांबू मात्र पेरं फोडूनच घाला. बंद पेरातली हवा आणि वाफ तापली की ते सुतळी बॉम्बसारखं फुटतं आणि निखारा अंगावर येतो. कोयत्याचा एक उभा घाव प्रत्येक पेराला पुरतो.

तीन-चार तासांत खड्डा काठापर्यंत भरतो. शेवटचा थर पांढरा व्हायला लागला की विझवायचं, आणि इथं आळस नको. अर्धा तास चहाला गेलात तर वरचा वीतभर माल राख. दोन बॅरलं पाणी, म्हणजे ४०० लिटर, आधीच भरून ठेवा. मी कडेकडेनं, सावकाश ओततो, म्हणजे पाणी भिंतीनं उतरून तळाला जातं आणि वाफ खालून वर येते. वाऱ्याकडं पाठ करून उभं राहायचं, वाफेनं भाजलेलं आगीपेक्षा वाईट. ओतताना आधी फसफस, मग खालून गडगड असा आवाज येतो. तो थांबला की खोऱ्यानं तळापासून ढवळा, परत पाणी. पाण्याची टंचाई असेल तर वरून ओला पाला आणि त्यावर वीतभर माती दाबून दोन दिवस हात लावू नका. मी मात्र पाण्याच्या बाजूचा आहे. पाण्यानं विझवलेला कोळसा ठिसूळ होतो, कुटायला सोपा जातो.

आणि एक सांगून ठेवतो. ओला दिसतो म्हणून कोळसा त्याच दिवशी पोत्यात भरून गोठ्यात नेऊ नका. आत एखादा ढेकळाएवढा निखारा जिवंत राहतो आणि मध्यरात्री पोतं धुमसतं. असं झालेलं मी शेजारच्या गावात बघितलंय. वैरणीची गंजी थोडक्यात वाचली. उघड्यावर पातळ पसरा, दुसऱ्या दिवशी हात घालून बघा, सगळीकडं गार लागला तरच भरा.

आता बॅरल. ते कुठून आलंय आणि त्यात आधी काय होतं? बेळगावात उद्यमबागेच्या, म्हणजे कारखान्यांच्या वसाहतीच्या, बाजूला भंगारात बॅरलं भरपूर मिळतात, पण त्यांत ऑइल होतं, थिनर होतं की रंग होता ते विचारून घ्या. औषधाचं बॅरल कुठल्याही भावात नको. ऑइलचं असलं तरी रिकाम्या बॅरलात वाफ राहते आणि गॅस कटरची ठिणगी पडली की झाकण तोफेसारखं उडतं. बुचं उघडी ठेवून, कापायच्या रेषेच्या जरा खालपर्यंत पाणी भरून, छन्नी-हातोड्यानं वरचं झाकण कापा. वेळ लागतो, पण हातपाय जागेवर राहतात. मग पहिला जाळ नुसता बॅरल साफ करायला. आतला-बाहेरचा रंग, तेल सगळं जळून जाऊ दे. त्या जाळातला कोळसा शेताला नको. धुराड्याचा पाइप घेताना जस्ताचा मुलामा दिलेला चकचकीत पाइप घेऊ नका, त्याच्या धुरानं ताप भरतो. साधा काळा लोखंडी घ्या.

या बॅरलची भट्टी करायची ती खालून हवा, वरून आग या पद्धतीची. तळाला अर्ध्या इंची ४० ते ५० भोकं, सगळीकडं सारखी. बॅरल तीन विटांवर ठेवा म्हणजे खालून हवा येईल. कापलेल्या झाकणाच्या मध्ये सहा इंची भोक पाडून त्यावर तेवढ्याच जाडीचा तीन-चार फुटी पाइप बसवा. झाकण बॅरलच्या काठावर घट्ट बसवायचं नाही. काठावर तीन ठिकाणी लोखंडाचे इंचभर तुकडे ठेवून त्यावर टेकवायचं. त्या इंचभर फटीतून जी हवा शिरते तिच्यामुळं वर आलेला धूर धुराड्याच्या तोंडाशी पेट घेतो. ही फट विसरलात तर गावभर धूर होईल आणि लोक म्हणतील, बायोचार म्हणजे हेच.

यात घालायचं ते एकसारखं, दोन-तीन इंची. फोडलेला बांबू, तुरीच्या काड्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, करवंट्या. निपाणी-चिकोडीकडं तंबाखूची धाटं असतात, तीही चालतात, फक्त माती झटकून घ्या. मधे पोकळी राहिली पाहिजे. फार दाबून भरलं तर हवा अडते, फार मोकळं ठेवलं तर आग एका बाजूनं झपकन खाली धावते. हैदराबादच्या ‘क्रीडा’ या केंद्रीय कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनंही २०० लिटरच्या बॅरलचीच भट्टी तयार केली आहे. कपाशी, तूर, मका, एरंडी यांची धाटं शेतातच जाळली जातात, ती वाचवायची म्हणून.

वरचं चार-पाच इंच रिकामं सोडून भरा, वर बारीक काटक्या आणि वाळलेल्या झावळीचा चुरा पसरा आणि सगळ्या तोंडभर एकदम पेटवा. एका कोपऱ्यात नाही. पाच-दहा मिनिटांत वर चांगला जाळ धरला की झाकण-धुराडं चढवा. यानंतर आग कुठवर उतरली हे डोळ्यांना दिसत नाही. त्याला एक सोपी युक्ती आहे: काठीला ओलं फडकं बांधून बॅरलच्या अंगावर वरून खाली रेघ ओढा. चर्र वाजतं तिथंपर्यंत आग पोचलीय. जळण कसं आहे त्यावर दीड ते अडीच तास लागतात. तळाच्या भोकांतून लाल निखारा दिसायला लागला आणि वरची ज्वाळ पिवळीची निळसर, आखूड झाली, की धूर देणारं जळण संपलं. आता जळतोय तो तुमचा कोळसाच. त्या क्षणी थांबवा. पहारीनं बॅरल विटांवरून ढकलून सपाट जमिनीवर उतरवा, बुडाभोवती चिखल लिंपा, धुराडं काढून वर सपाट पत्रा टाका आणि त्याचीही कड लिंपा. लिंपायला नुसती माती तडकते. खानापूरच्या कुंभाराला विचारा, तो मातीत तूस आणि शेण मिसळायला सांगेल, तसं करा. दुसऱ्या दिवशी उघडा. उघडताना तोंड झाकणावर नेऊ नका, आत विषारी वायू कोंडलेला असतो. त्याच कारणानं यातली कुठलीही भट्टी बंद शेडमध्ये लावायची नाही.

मिळतं किती? वाळलेल्या १०० किलो जळणाला २० किलोच्या आसपास. एका बॅरलात फाटी बसते ४०-५० किलो, म्हणजे हाती आठ-दहा किलो. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागेल.

तुसाला यातलं काहीच चालत नाही. ते इतकं दाट बसतं की बॅरलात हवा वर चढत नाही. त्याची रीत वेगळी आणि सगळ्यांत सोपी. खाद्यतेलाचा १५ किलोचा चौकोनी डबा घ्या, बाजूंना खिळ्यानं भरपूर भोकं पाडा, तळ कापून काढा आणि वरच्या बाजूला चार इंची पाच फुटी पाइप बसवा. जमिनीवर छोटा जाळ करा, डबा त्यावर उपडा ठेवा, पाइप वर. मग डब्याभोवती तुसाचा ढीग लावा, कमरेएवढा. आतल्या आगीचा धूर पाइपातून जातो आणि डब्यालगतचं तूस काळं पडायला लागतं. ते काळेपण हळूहळू बाहेर सरकतं. ढिगाच्या अंगावर काळे डाग दिसले की खोऱ्यानं बाहेरचं पिवळं तूस वर टाकत राहा. सगळं काळं झालं की लगेच पसरून झारीनं पाणी. थांबलात तर करड्या राखेचा ढीग उरतो, आणि ती बारीक उडणारी राख छातीला वाईट. नाकाला फडकं बांधूनच काम करा.

तुसाच्या कोळशात सिलिका भरपूर असते, आणि भाताला ती मानवते. येळ्ळूर-वडगावकडं बासमतीचा तरवा, म्हणजे लावणीची रोपं, टाकतात तिथं वाफ्यात शेणखताबरोबर हा कोळसा मिसळून बघण्यासारखा आहे. माती भुसभुशीत राहते, रोप उपटताना मुळं तुटत नाहीत. पालापाचोळा आणि शेण अंथरून तरवा भाजायची आपली जुनी रीत आहे, पण तिच्यात बहुतेक राखच होते. हे त्याचंच जरा सुधारलेलं रूप म्हणा.

काजूच्या टरफलांचं काय, तर नको. टरफलात जे तेल असतं ते कातडीला फोड आणतं हे काजू फोडणाऱ्या बायकांच्या हातांकडं बघितलं तरी कळतं. ते तेल उघड्या भट्टीत जळताना डोळ्यांत आणि घशात आग पेटते, आणि कमी तापलेल्या टरफलात ते तसंच राहून मातीत जातं. कारखान्यात तेल काढून घेतलेली पेंड असेल तर गोष्ट वेगळी, पण तीसुद्धा पहिल्या वर्षी नको. आधी हात बसू दे.

आणखीही काही गोष्टी भट्टीत घालण्याच्या मी विरोधात आहे. भाताचं पिंजर आणि जोंधळ्याचा कडबा जनावरांचा आहे. उसाचं पाचट खोडव्यात सरीत दाबून कुजवलं तर ओल धरतं, तण दाबतं. ते जाळून कोळसा करणं म्हणजे रुपयाचे चार आणे करणं. पुण्याच्या ‘आरती’ संस्थेनं डॉ. आनंद कर्वे यांच्या पुढाकारानं पाचटापासून कोळसा करायची भट्टी केली, २००२ साली त्यासाठी संस्थेला ब्रिटनचा अ‍ॅशडेन पुरस्कारही मिळाला. पण तो कोळसा चुलीत जाळायच्या कांड्यांसाठी होता, आणि ते पाचट एरवी फडातच पेटवलं जात होतं. तुम्ही पाचट पेटवतच असाल तर कोळसा बरा. कुजवत असाल तर कुजवाच. कोळसा करायचा तो गुरं खात नाहीत आणि लवकर कुजतही नाही त्याचा: छाटणी, काटेरी फांद्या, घाणेरी, रानमोडी, बांबू. घाणेरी तर बांधावरनं जेवढी काढाल तेवढी बरीच. आपल्या बांधावरचंच घ्या मात्र. खानापूरच्या रानात भीमगड अभयारण्य आहे, राखीव जंगल आहे; तिथली वाळकी फांदीही भट्टीसाठी उचलायच्या फंदात पडू नका.

आता मिरची. चुलीतला कोळसा म्हणजे बायोचार नव्हे, एवढंच तिथं घडलं. चुलीत निम्मं अर्धवट जळलेलं असतं, त्यावर डांबरासारखा चिकट अंश बसलेला असतो, आणि भरीला राख. कोरा कोळसा मातीत गेला की आधी स्वतःच भुकेलेला असतो: पाण्यात विरघळलेलं नत्र धरून ठेवतो, शिवाय तो चिकट अंश खाणारे जिवाणू मातीतलं नत्र ओढून घेतात. रोपाला नत्र मिळालं नाही की पानं पिवळी. त्यात राखेनं मिरचीच्या मुळाशी सामू (माती आम्ल की अल्कधर्मी ते सांगणारा आकडा, पीएच) एकदम चढला असेल तर लोहही मिळेनासं होतं. युरियाची चिमूट टाकून ती रोपं पुढं सावरली असतील, असा माझा अंदाज.

कोळसा नीट भाजला की नाही हे बघायला प्रयोगशाळा नको. एक तुकडा फरशीवर टाका, कौलाच्या खापरीसारखा टणटण वाजला पाहिजे. मोडला तर आतून एकसारखा काळा, तपकिरी गाभा नाही. बोटांवर चोळून नुसत्या पाण्यानं धुवा; काळं गेलं तर चांगला, साबण लागला तर अंगात डांबर राहिलंय, परत भट्टीत घाला. नाकाला धुराचा वास यायला नको. शंका असेल तर एका कुंडीत निम्मी माती निम्मा कोळसा, दुसऱ्यात नुसती माती, दोन्हीत मूग टाका. उगवण सारखी झाली की पुढं चला.

मग तो भरवायचा, म्हणजे मातीत जायच्या आधी शेण-मुतातलं नत्र त्याला पाजायचं. आधी कुटून हरभऱ्याएवढा करा, ओला असतानाच, म्हणजे धूळ उडत नाही. भरवायला मला सगळ्यांत सोपी जागा गोठा वाटते. म्हशीच्या मागच्या बाजूला, मूत पडतं तिथं रोज दोन घमेली पसरा. मूत शोषलं जातं, गोठ्याचा उग्र वास कमी होतो आणि शेण ओढताना कोळसा आपोआप उकिरड्यात जातो. तिथं तो शेणखताबरोबर कुजू दे. गोठा नसेल तर एक घमेलं कोळसा, दोन ते तीन घमेली शेणखत, वरून शेण-गोमूत्राचा काला किंवा जीवामृत घालून ढीग ओला ठेवा. निदान महिनाभर. घाई असेल त्यांना मी पंधरा दिवस सांगतो, पण मनातनं नाही.

किती घालायचा? वाचनात हेक्टरी दहा टन वगैरे आकडे येतात. तेवढा म्हणजे गुंठ्याला १०० किलो, आणि तुमचं एक बॅरल देतं दहा किलो. म्हणजे एका गुंठ्याला दहा बॅरलं, एकराला चारशे. हा हिशोब करून बरेच जण भट्टीच सोडून देतात. सगळ्या रानात विस्कटायचाच नाही. मूळ जिथं आहे तिथं द्या. नव्या काजूच्या खड्ड्यात भरवलेला कोळसा दोन-तीन किलो, मातीत मिसळून. मोठ्या झाडाला फांद्यांच्या घेराखाली वीतभर खोल चर काढून पाच-सात किलो. भाजीला सरीत, रोपाच्या ओळीत, गुंठ्याला वीस-पंचवीस किलो. एकदा घातलेला कोळसा कुजून जात नाही, वर्षानुवर्षं मातीत राहतो, म्हणून दरवर्षी थोडं थोडं रान घेत गेलं तरी चालतं.

तुमच्या बाजूला याचा फायदा दिसायची शक्यता चांगली आहे. जांबोटी, खानापूरची तांबडी माती पावसानं धुऊन आम्ल झालेली. कोळसा अल्कधर्मी, सामू साधारण आठ ते दहा. शिवाय अशा मातीत खत टिकत नाही, ते धरून ठेवायला कोळशाच्या छिद्रांचा उपयोग होतो. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात उष्ण कटिबंधातल्या जमिनींत सरासरी पंचवीस टक्के उत्पन्न वाढलेलं दिसलं, थंड प्रदेशात जवळजवळ काहीच नाही. कारण हेच, आम्ल आणि कसहीन मातीला त्याचा जास्त उपयोग. मात्र अथणी, रायबाग, गोकाककडच्या चुनखडीच्या काळ्या रानात सामू मुळातच आठच्या वर असतो, तिथं राखेचा अंश जास्त असलेला कोळसा घातला तर खारवट जमिनीला आणखी खार. तिकडच्यांनी लाकडाचाच, राख धुतलेला, थोडा आणि भरपूर शेणखतातून द्यावा. घालण्याआधी माती तपासून घ्या. मत्तीकोप्प आणि तुक्कानट्टी इथं कृषी विज्ञान केंद्रं आहेत. अहवाल कन्नडमध्ये आला तर ‘रससार’ या रकान्यातला आकडा बघा, तोच सामू. सहाच्या खाली असेल तर बेधडक घाला. साडेसात असेल तर एका ओळीत घालून शेजारची ओळ मोकळी सोडा आणि हंगामभर दोन्ही बघा.

कार्बन क्रेडिटचे, म्हणजे कार्बन मातीत अडकवल्याबद्दलचे, पैसे मिळतात का, हेही काही जण विचारतात. ते नोंदणी झालेल्या प्रकल्पांना मिळतात. प्रत्येक भट्टीचं वजन, ओलावा, प्रयोगशाळेचा अहवाल असं सगळं दप्तर ठेवावं लागतं. परड्यातल्या एका बॅरलवर त्याच्या आशेनं भट्टी लावू नका.

बॅरलचा पत्रा पातळ असतो, उष्णतेनं दरवेळी थोडा सोलत जातो आणि तळ सगळ्यांत आधी जातो. प्रत्येक वेळी आत उरलेली ओली राख झाडून काढा, कारण गंज तिथूनच धरतो, आणि पावसाळ्यात बॅरल मांडवाखाली उपडं ठेवा. तळ गेला तरी टाकू नका. तोच भाग पूर्ण कापून काढला की उरलेलं नळकांडं तुसाच्या ढिगाला वाऱ्यापासून आडोसा म्हणून उभं करता येतं. पुढचं बॅरल घेताना जाड पत्र्याचं मिळालं तर चार पैसे जास्त द्या.